दाजींचं लक्ष

आमच्या दाजींना सांगलीत कुठेही ओळखता येतं. पेट्रोल भरून टाकीचं झाकण पंपावरच विसरून निघालेला स्कूटरवाला दिसला, की ते दाजी. बँकेतलं पेन खिशाला लावून बाहेर पडलेले ते दाजी, आणि स्वतःचं पासबुक काउंटरवर ठेवून आलेले तेही दाजीच. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. शिकवणं असं, की घंटा झाली तरी पोरं उठत नाहीत. फक्त त्या तासाला ठरलेला धडा झाला असेलच, असं नाही.

दाजींचं लक्ष नसतं, असं सगळे म्हणतात. ते खोटं आहे. लक्ष भरपूर आहे, पण ते त्यांचं ऐकत नाही. काम महत्त्वाचं आहे एवढ्या कारणाने ते जागचं हलत नाही. त्याला काम गमतीचं तरी लागतं, नाहीतर गळ्याशी आलेलं तरी. इन्कम टॅक्सचं रिटर्न म्हणूनच ३१ जुलैच्या रात्री भरलं जातं.

गेल्या उन्हाळ्यात मोरीतला नळ गळायला लागला. एका रविवारी दाजी वायसर बदलायला उठले. पाना माळ्यावर होता, म्हणून माळ्यावर चढले. तिथे पान्याआधी वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ हाती लागला. तो खाली आला आणि डायनिंग टेबलावर उघडला गेला. सोल्डरची तार संपली होती, म्हणून दाजी गणपती पेठेत गेले आणि दोन तासांनी बेदाणे घेऊन परत आले. पुन्हा जाऊन तार आणली. मग जे खुर्चीत बसले, ते रात्री अकरापर्यंत. ताईने वेळोवेळी ठेवलेला चहा साय धरून टेबलावर ओळीने उभा राहिला. भाच्याने ‘बाबा, मी घर सोडून चाललोय’ असंही सांगून बघितलं. ‘बरं, दार ओढून घे,’ असं उत्तर आलं. अकराला रेडिओ गायला लागला. मोरीतून नळ त्याला ताल देत होता.

त्याच माळ्यावर बासऱ्या आहेत, मधमाश्यांची पेटी आहे, बोन्सायच्या रिकाम्या कुंड्या आहेत. कुठलाही छंद महिन्याच्या वर टिकला नाही, पण तेवढ्यात ते त्यात मुरले. मोडी शिकले आणि भावकीतला बांधाचा वाद मिटेल असा जुना कागद वाचून काढला. तलाठ्याकडे न्यायला म्हणून तो स्कूटरच्या डिकीत ठेवला. वाद अजून चालू आहे.

दाजींना मेसेज करावा, तर उत्तर येत नाही. विचारलं तर म्हणतात, ‘अरे, दिलं होतं की!’ दिलेलं असतं, पण मनातल्या मनात. ताई त्यांना प्रत्येक मुहूर्त तासभर आधीचा सांगते. दाजींना हे ठाऊक आहे, त्यामुळे तो तास ते आपल्या हक्काचा समजतात.

भाच्याच्या शाळेतून तक्रारी आल्या, तेव्हा दोघं त्याला घेऊन मिरजेच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी पोराला प्रश्न विचारावा आणि तो पुरा व्हायच्या आत दाजींनी उत्तर द्यावं. मधल्या वेळात त्यांनी टेबलावरचा स्टेपलर खोलला होता. ‘चिरंजीवांचं बघूच,’ डॉक्टर म्हणाले, ‘पण आधी तुमचं बघू या का?’

एडीएचडी हे नाव कळलं, त्या रात्री दाजी झोपलेच नाहीत. सकाळी चहाबरोबर आम्हाला इतिहास मिळाला. १७९८ साली क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने असली अस्थिरता लिहून ठेवली. १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. ही मुलं मोठी झाली, की हातापायांची चुळबुळ कमी होते, डोक्यातली राहते. पण हे सर्वमान्य व्हायला विसावं शतक सरत आलं. पानिझ्झोन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये मेथिलफेनिडेट तयार केलं आणि बायकोच्या नावावरून त्याचं ‘रिटालिन’ झालं, हे सांगताना दाजींनी ताईकडे प्रेमाने पाहिलं.

‘माझ्या नावाचं औषध नको,’ ताई म्हणाली, ‘नळ तेवढा बघा.’

जुळ्यांवरच्या अभ्यासांत यातला आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो, हे ऐकताच तिने सासूबाईंकडे पाहिलं. ‘आमच्यात असलं काही नव्हतं हो,’ त्या म्हणाल्या. ‘आमचे हे मिरजेला म्हणून निघायचे आणि तासगावला उतरायचे, पण ते आपलं स्वभावानं!’

लक्ष न लागण्याच्या नऊ लक्षणांपैकी मोठ्या माणसात पाच पुरतात. दाजींना नऊपैकी नऊ मिळाले. शाळेत असे गुण कधी पडले नव्हते. पण लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासूनची असावी लागतात, म्हणून सासूबाईंच्या ट्रंकेतून जुनी प्रगतिपुस्तकं निघाली. चौथीत शेरा होता, ‘हुशार आहे, पण प्रयत्न करत नाही.’ पाचवीत तोच, सहावीत तोच, फक्त शाई वेगळी. दाजी ती पानं बराच वेळ बघत बसले. ‘अरे, प्रयत्नच तर करत होतो रे,’ ते म्हणाले. त्यावर कुणीच चेष्टा केली नाही. ताईने पुस्तकं त्यांच्या हातातून घेऊन स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवी होती.

गोळी सुरू झाली. तिचा गुण परवा कुपवाडच्या लग्नात दिसला. ताईने रिवाजाप्रमाणे तासभर आधीची वेळ सांगितली आणि दाजी चक्क त्या वेळेला हजर! कार्यालयात ते आणि मंडपवाला, दोघंच. आता तास कसा काढायचा? स्पीकर घरघर करत होता. मुहूर्ताला अंतरपाट धरला गेला, गुरुजी सरसावले, आणि दाजी अँप्लिफायरच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलेले.

‘दाजी, सोडा ते!’

‘झालंच.’

गुरुजींनी मंगलाष्टकं उघड्या गळ्याने म्हटली. घरघर मात्र पार गेली. पंगती बसल्या तेव्हा माइकवरून पुकारलेल्या आहेराच्या रकमा रस्त्यापलीकडे खणखणीत ऐकू जात होत्या. त्यांत दाजींचं नाव तेवढं नव्हतं. पाकीट घरीच राहिलं होतं.