गिळलेल्या चारच्या आकड्याबद्दल

आमच्या रॅपरचे अज्ञात निर्माते यांस,



मिनपॅक ही फोर्ट्रानमधली लायब्ररी आपण सी शार्पमध्ये आणलीत, त्याबद्दल आधी आभार. फाइलच्या माथ्यावर आपलं नाव नाही, तो विनय समजायचा की दूरदृष्टी, हे तेवढं कळलं नाही.

1980 साली शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत मोरे, गार्बो आणि हिलस्ट्रॉम यांनी ही लायब्ररी बांधली. (मोरे आपल्याकडचे नव्हेत, उगाच अभिमान नको.) तिला अरेषीय समीकरणं दिली की ती पॉवेलच्या पद्धतीने मुळं शोधते आणि जाताना इन्फो नावाचा एक पूर्णांक हातात ठेवते. 1 म्हणजे जमलं. 2 म्हणजे दिलेले प्रयत्न संपले. 4 म्हणजे गेल्या पाच जेकोबियनांत (अवकलजांच्या तक्त्यांत) गाडी पुढे सरकलेली नाही, 5 म्हणजे गेल्या दहा फेऱ्यांत नाही. स्वतःला जमलं नाही हे सांगायची सोय त्या मंडळींनी मुद्दाम करून ठेवली होती.

आपण ती काढून टाकलीत. आपलं फंक्शन फक्त उत्तरांचा ॲरे परत करतं. इन्फो आत येतो आणि आतच विरतो. रक्ततपासणीच्या कागदावरचा 'नमुना खराब, पुन्हा घ्या' हा शेरा खोडून नुसते आकडे रुग्णाच्या हाती द्यावेत, तशातला हा प्रकार. पडताळा म्हणून मी आपल्या रॅपरला क्ष² + 1 = 0 हे समीकरण दिलं. वास्तव संख्यांत त्याला मूळच नाही. आपल्या कृपेने मला एक मिळालं, तेही दशांशचिन्हानंतर भरपूर आकड्यांसकट!

आता आमच्या समीकरणांवर आतल्या आत हा 4 वारंवार का येत होता, ते ऐका. फोर्ट्रान मॅट्रिक्स स्तंभांनुसार मेमरीत मांडते, सी शार्प ओळींनुसार. जेकोबियन तसाच पुढे ढकलला की पलीकडे तो आडव्याचा उभा होऊन पोचतो. पायथनमधल्या सायपायच्या एफसॉल्व्हमध्येही आत हेच मिनपॅक आहे. पण तिथे जेकोबियन ओळींत आहे की स्तंभांत, हे सांगायला वेगळा पर्याय ठेवलाय, आणि मूळ सापडलं नाही तर निदान वॉर्निंग तरी येते. आपल्याकडे दोन्ही नाही. 'पण टेस्ट पास झाल्या होत्या' असं आपण म्हणाल. होणारच. आपल्या एकुलत्या एक टेस्टमधला जेकोबियन सममित आहे. तो उलटा काय, सुलटा काय!

म्हणजे उलटा जेकोबियन पाहून बिचारी लायब्ररी सारखी 4, 4 म्हणून ओरडत होती आणि आपण तिच्या तोंडावर हात ठेवून उभे होतात. आम्ही इकडे आमच्या समीकरणांत चुका शोधत बसलो.

समीकरणाचा कॉलबॅक आपण एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवलाय, तेही पाहिलं. मूळ फोर्ट्रान रुटीनला सोबत डेटा पाठवायची जागा नाही, हे मान्य. पण दाबाचं समीकरण सोडवताना आत तापमानाचं दुसरं समीकरण सोडवायची वेळ आली, की आतला कॉलबॅक बाहेरच्याला बेदखल करतो आणि परत आल्यावर दाबाच्या जागी तापमानाचं फंक्शन चालू लागतं. यावर आपण कॉमेंट लिहिली आहे: 'नंतर बघू.' बघितलंत का?

आणखी एक. याच मिनपॅकमध्ये चेकडर नावाचं रुटीन आहे. दिलेला जेकोबियन फंक्शनशी जुळतो का, एवढंच ते तपासतं. आपण नेमकं तेच वगळलंत. 'फारसं कुणी वापरत नाही' ही आपलीच टीप तिथे आहे. तेवढं गुंडाळून द्याल का? जेकोबियन मात्र त्यालाही सुलटाच लागतो.

आपला नाइलाजाने वापरकर्ता