गप्प बसायचे पैसे

"वहिनी, ऐकलं ते खरं का? तुमची भाची नागपूरले उघड्या माणसायचे चित्रं काढून राहिली म्हणे?"

"कोणी सांगितलं व काकू?"

"आता नाव कायले घेता! पापड लाटता लाटता निघाला विषय."

"तं पापडवाल्यायले सांगा, उघडे नाही, चांगले लुगड्यातले. चित्रकलेच्या कॉलेजात आहे ती. ठिय्यावरून एखादा मजूर, एखादी म्हातारी आणतात. मधात स्टुलावर बसवतात, अन् पोरं भोवताल बोर्ड घेऊन बसतात. पहिले दोन-दोन मिनिटायचे भराभर स्केच, मंग एकच मोठी पोझ. मधात आराम देतात. उठायच्या आधी पायाभोवती खडूची रेघ मारतात, म्हंजे परत बसली का बोटं तिथंच्या तिथं."

"बसायचे पैसे भेटतात?"

"भेटायलेच पाहिजे! पायाले मुंग्या येतात, नाकावर माशी बसते, पण हात उचलायचा नाही. भाची सांगे, सुरवातीले तिले नुसता चेहराच दिसे. मंग सरनं एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिल धरायले लावली. डोकं हे माप. उभं माणूस साधारण सात-साडेसात डोक्यायचं भरते. मापं घेता घेता तिले म्हातारीचा खांदा दिसला, ओझं वाहून वाहून एका अंगानं खचलेला. आधी तिकडं लक्षच नव्हतं गेलं."

"पण मुंबईले तं उघडेच बसवतात ना? पिक्चर आला होता तसा."

"‘न्यूड’. रवी जाधवचा, 2018 चा. मुंबईच्या जे. जे. चित्रकलेच्या कॉलेजात मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची गोष्ट आहे. 2017 मधी गोव्याच्या फेस्टिवलात ज्युरीनं निवडला, तरी यादीतून काढून टाकला. अन् हे काही आजचं नाही, काकू. जे. जे. 1857 चं. जिवंत माणूस समोर बसवून काढायचा वर्ग तिथल्या सॉलोमन साहेबानं 1919 मधी सुरू केला. त्याच्या आधी पोट्टे प्लास्टरचे पुतळे पाहून काढत."

"पुतळेच बरे व माय."

"हातात दिवा धरलेली बाई पाहिली ना तुम्ही, फोटोत? मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे ते चित्र. लोक रविवर्म्याचं म्हणतात, पण आहे आपल्या सावंतवाडीच्या चित्रकार हळदणकरायचं. अन् दिवा धरून कोण उभं होतं? त्यायची सख्खी पोरगी, गीता."

"बापासमोर पोरगी उभी राहिली ते वेगळं, वहिनी. परकी बाई पैसे घेऊन बसते ते वेगळं."

"काहून वेगळं? भाजी विकते, निंदायले जाते, तेही पैशासाठीच ना? महाशिवरात्रीले मार्कंड्याले जाता. वैनगंगेत आंघोळ करून देवळाच्या भिंतीवरच्या त्या बाया, ते जोडपे पाहता का नाही? गडचिरोलीवाले विदर्भाचं खजुराहो म्हणून मिरवतात ते. दगडाच्या बाईले हात जोडता, अन् हाडामासाची बसली का पापडावर विषय!"

"हाव, तेही आहेच म्हणा."

"आता भाची सुट्टीत आलीच आहे. तिले सरावाले कोणी बसायले पाहिजे. उद्या सकाळी सातले या, उन्हाच्या आधी. अंगभर लुगडं नेसून या, डोक्यावर पदर घ्या. फक्त अर्धा तास हलायचं नाही, अन् बोलायचं नाही."

"बोलायचंही नाही? अर्धा तास?"

"एक शब्द नाही."

"राहू द्या मंग, बाप्पा! आपल्याच्यानं नाही होत."

"तेच तं सांगून राहिले मी. कपड्याची गोष्ट लोकायच्या तोंडची आहे. गप्प बसणं, हीच खरी मेहनत, अन् तिचेच पैसे देतात. आता पापडाच्या पाटावर हा विषय पुन्हा निघाला का, एवढं सांगजा."