कडुनिंबापासून चार पावलं

मराठीत ‘बीड’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे बिंदुसरा नदीकाठचे जिल्ह्याचे गाव, आणि दुसरा म्हणजे ओतीव लोखंड, ज्याचे तवे आजही घरोघर आहेत आणि ज्याचे पाण्याचे नळही पूर्वी जमिनीखाली घातले जात. या दोन अर्थांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचे भाषाशास्त्रास कारण नाही. तथापि येथे ज्या व्यक्तीचे वर्णन करावयाचे आहे तिच्या ठिकाणी दोन्ही एकत्र नांदतात, कारण ती बीडची आहे, बिडाच्या नळावर अधिकाराने बोलते, आणि त्या धातूप्रमाणेच वाकण्याचा गुण तिच्यात नाही.

ही व्यक्ती म्हणजे जमिनीखालच्या जुन्या पाइपांचे स्थान तोंडपाठ असलेला गल्लीतील ज्येष्ठ गृहस्थ होय. कोणी त्यास नाना म्हणतात, कोणी बापू. या लेखापुरते त्यास तात्या म्हणणे सोयीचे होईल. तात्या ज्या खात्यातून निवृत्त झालेले असतात त्याचा पाणीपुरवठ्याशी काडीचाही संबंध नसतो, परंतु अंगणात टिकावाचा पहिला घाव पडताच, चहाचे आधण उकळायच्या आत, हाती छत्री घेऊन ते तेथे उभे असतात. ही छत्री पावसासाठी नसते, कारण बीड जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणप्रवण असल्याने त्या कामी तिची गरज क्वचितच पडते. ती जमिनीवर रेघ ओढण्यासाठी असते. “खंदा हितंच,” असे म्हणून तात्या ती रेघ ओढतात आणि पुढे शास्त्राधार देतात, “कडुनिंबापासून चार पावलं, आन् तिथनं हापशाच्या अंगाला.” कडुनिंब घराचा वरचा मजला बांधताना तोडला गेला आणि हापसा, म्हणजे विंधन विहिरीवरचा हातपंप, पाणी आटल्यावर उपटून नेला गेला, हे घरमालकाने नम्रपणे निदर्शनास आणले तरी तात्यांच्या डोळ्यांसमोर दोन्ही जागच्या जागी उभे असतात. पाऊल हे मापही त्यांच्या गुडघ्यांबरोबर वर्षागणिक आखडत आले आहे, त्यामुळे एकच पाइप दर दहा वर्षांनी कडुनिंबाकडे थोडा सरकलेला आढळतो.

तात्यांच्या कालगणनेत एकच युग आहे. सापडलेला प्रत्येक पाइप ‘निजामाच्या काळातला’ असतो. हैदराबाद संस्थानातील निजामाची सत्ता सप्टेंबर १९४८ मध्ये संपुष्टात आली, आणि खड्ड्यातून निघालेल्या करड्या प्लास्टिकच्या पाइपावर आयएसआयचा शिक्का स्वच्छ वाचता येतो, या दोन गोष्टींत तात्यांना विसंगती दिसत नाही. त्यांचा मुख्य पुरावा बीडजवळची खजाना बावडी हा असतो. मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, इ. स. १५८३ च्या सुमारास, सलाबतखानाने बांधवलेल्या या विहिरीत भूमिगत मार्गांनी पाणी येते आणि तसेच एका मार्गाने शेतांकडे जाते. “चारशे वर्षांखालचा नळ सापडतो, आन् तुझ्या बापानं घातलेला सापडंना व्हय?” असा त्यांचा बिनतोड सवाल असतो. सवालात एक फट आहे. जुने बांधकाम करणारे लोक जमिनीखालच्या वाटेची खूण जमिनीवर ठेवीत. छत्रपती संभाजीनगरातील मलिक अंबरच्या नहरींच्या वाटेवर दाब सांभाळण्यासाठी बांधलेले खांब आजही काही ठिकाणी उभे आहेत. घरमालकाच्या वडिलांनी मात्र पाइप घातल्यावर वर फरशी बसवली आणि पूजा घातली.

तात्यांना हसणे सोपे आहे, परंतु त्यांच्या विद्येचा एक भाग खरा आहे आणि तो अन्यायाने दुर्लक्षिला जातो. पहार, म्हणजे खणण्याची जाड लोखंडी सळई, तिला बीडकडे सब्बल म्हणतात, ती ओल्या मातीत पाइपापर्यंत टेकवून तिच्या वरच्या टोकाला तात्या कान लावतात आणि डोळे मिटून घेतात. आजूबाजूचे पोरसवदा लोक यावर खुसुखुसू हसतात. वास्तविक गळती शोधणारे तंत्रज्ञ हाच प्रकार ऐकण्याची काठी घेऊन जगभर करीत आले आहेत, कारण फुटलेल्या जागेतून दाबाने निसटणाऱ्या पाण्याचा आवाज धातूतून दूरवर पोचतो. पाइपाचा प्रकारही तात्या नादावरून सांगतात: जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, म्हणजे जीआय, पाइप खणखणतो, धड बीड घंटेसारखे वाजते आणि तडकलेले बद्द वाजते, सिमेंटचा पाइप ठप्प बोलतो. बिडाच्या टिकाऊपणाबद्दलचा त्यांचा अभिमानही अनाठायी नाही. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यातील कारंज्यांसाठी सतराव्या शतकात घातलेल्या बिडाच्या नळांनी तीन शतकांहून अधिक काळ काम दिले. मात्र व्हर्सायला बीडची काळी माती नव्हती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. वर्षातून एकदा असे अंगाला आळोखेपिळोखे देणाऱ्या जमिनीत ताठ पाइपाचे सांधे किती काळ टिकावेत?

तात्यांचा खरा धोका त्यांच्या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य म्हणजे “ती लाइन मेलेली हाय, काप बिनधास्त.” एका अंगणातील खड्ड्याचे निरीक्षण केल्यास या वाक्याचे वजन कळते. गुडघाभर खोलीवर गंजून फुगलेला जीआय पाइप दिसतो. त्याला एक फाटा असून त्या फाट्याच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली आहे, खुंटीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे आणि पट्टीवर बांधणीची तार आवळली आहे. हे तात्यांच्या पिढीचे बूच होय. पाइपाला एक तांब्याची तारही बांधलेली आहे, जी भिंतीतून आत जाते, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नाही.

ही तार अर्थिंगची असते. उपकरणात उतरलेली चुकार वीज जमिनीत नेऊन सोडण्याची जी सोय, तिला अर्थिंग म्हणतात, आणि जुन्या घरांत ती स्वतंत्र खड्डा न करता नळाच्या लोखंडी पाइपालाच बांधून मोकळे होण्याची रीत होती. अशा पाइपातून पाणी वाहत नसले तरी वीज वाहू शकते. तो मधोमध कापला की कापणाऱ्याची दोन टोकांवर ठेवलेली दोन मनगटे हाच तिचा नवा मार्ग होतो. म्हणून मेन स्विच बंद करून, वायरमनकडून तपासून घेऊन आणि अर्थिंगची वेगळी सोय झाल्यावरच करवत लावावी, ही गोष्ट तात्यांना कोणी सांगत नाही, कारण तात्यांना काही सांगण्याची रीत गल्लीत नाही.

खुंटीचे बूचही निरुपद्रवी नसते. पाणी जेथे काही दिवसांआड सुटते तेथे मधल्या काळात लाइन रिकामी पडते, आणि पाणी सुटताच जो तो नळाला थेट मोटार लावतो. मोटारीच्या ओढीने लाइनमध्ये पोकळी निर्माण झाली की कुजलेल्या खुंटीच्या फटीतून शेजारच्या गटाराचे पाणी आत खेचले जाते आणि अख्ख्या गल्लीच्या पोटात कळ येते. सोडून दिलेला फाटा मूळ लाइनपाशीच तोडून तेथे आट्यांचे पक्के बूच बसवणे हा यावरचा इलाज आहे; तो महाग नाही, फक्त त्यासाठी आणखी थोडे खणावे लागते.

सिमेंटच्या पाइपाबाबत तात्या विशेष निर्धास्त असतात. जुन्या सिमेंटच्या पाइपात बहुधा ॲस्बेस्टॉस, म्हणजे एक तंतुमय खनिज, मिसळलेले असते. जमिनीत स्वस्थ पडलेला असा पाइप कोणाचे काही बिघडवीत नाही, पण त्यावर कोरडे ग्राइंडर फिरवले की उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिचा हिशेब अनेक दशकांनी चुकता होतो. त्यास हात न लावता बाजूने नवी लाइन नेणे सर्वांत उत्तम. तोडणे अटळ असल्यास तो ओला ठेवून, हातकरवतीने, जाणत्या माणसाकडूनच तोडून घ्यावा. सेप्टिक टाकीकडे जाणाऱ्या पाइपाबाबत तर वादाला जागाच नाही: टाकीत माणूस उतरवू नये. तेथील विषारी वायू उतरणाऱ्यास दुसरा श्वास घेऊ देत नाही, आणि सुरक्षा-साधनांविना असे काम करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जेसीबी आणि तात्या यांचे वैर जुने आहे, आणि या एका बाबतीत न्याय तात्यांच्या बाजूने आहे. यंत्राच्या दातांना नाद कळत नाही. जागा नक्की नसेल तेथे आधी हाताने लहान चाचणीखड्डा घेऊन पाइप डोळ्यांनी पाहावा, आणि चर १.५ मीटरहून खोल जात असेल तर दोन्ही बाजूंना फळ्यांचा आधार द्यावा, कारण कोरडी काळी माती भिंतीसारखी उभी राहते आणि पूर्वसूचना न देता कोसळते. तात्या अशा वेळी चराच्या अगदी काठावर, उपसलेल्या मातीच्या ढिगावर उभे असतात. त्यांना तेथून खुर्चीवर आणणे हे सुरक्षेच्या उपायांपैकी सर्वांत अवघड काम समजले पाहिजे.

जिल्ह्यातील अनेक घरे ऊसतोडीच्या हंगामात निम्मे वर्ष कुलूपबंद असतात, मुले पुण्याला स्थायिक होतात, आणि कोणत्या फरशीखालून काय गेले आहे याची नोंद तात्यांच्या डोक्यातच उरते. ज्यांच्या गल्लीत असे तात्या आहेत त्यांनी येत्या रविवारी त्यांना चहाला बोलवावे, टेप आणि वही घेऊन त्यांच्या छत्रीमागून अंगणभर फिरावे, आणि तयार झालेला नकाशा मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवावा. मोजमाप मात्र घराच्या दोन कोपऱ्यांपासून घ्यावे. कडुनिंबापासून घेऊ नये.