मांजराच्या दाण्यांचे पारखी व्हा : नवशिक्यांसाठी पहिले धडे

प्रकाशा गावात मांजराला खाऊ घालणं हे आजवर कुणी कौशल्याचं काम मानलं नाही. तापी-गोमाईच्या संगमावर मच्छीमारांनी जाळं झाडलं की चार मासोळ्या मिळतात, घरी दूध-भाकरीचा काला मिळतो, उरलेलं उंदीर भागवतात. पण शहाद्याहून किंवा कुरियरने दाण्यांची चकचकीत पिशवी घरात आली की तिच्यावर मत देणारा माणूस लागतो. तो तुम्ही व्हा. शिक्षण लागत नाही. मांजरही लागत नाही, पण असलं तर बरं दिसतं.

१. पिशवीची पुढची बाजू वाचा आणि तिथेच थांबा. तिच्यावर पर्शियन मांजर असेल, अख्खा सामन मासा असेल, दोन गाजरं असतील. सामन तापीत सापडत नाही, म्हणून त्याला मान जास्त. रोहू-कटल्याचं कौतुक करू नका, ते गावचेच. गाजराविषयी कुणी खवचटपणे विचारेल, कारण गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवणं मांजराच्या शरीराला जमत नाही, ते त्याला मांसातून तयारच मिळावं लागतं. सांगा, गाजर मांजरासाठी नाहीच, ते गिऱ्हाइकासाठी आहे.

२. नाव मोठ्याने वाचा, पण अर्धंच. अमेरिकेतल्या खाद्यनियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे आफकोच्या नियमांप्रमाणे ‘सामनसह’ असं लिहायला ३ टक्के सामन पुरतो. ‘सामन स्वाद’ लिहायला तर नुसती ओळखू येईल इतकी चव पुरते. म्हणून ‘सामन’ खणखणीत म्हणा आणि पुढचा शब्द गिळा.

३. घटकांच्या यादीत पहिलं नाव कोंबडीचं दिसलं की मान डोलवा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ताज्या कोंबडीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. भट्टीत ते उडून जातं, पहिला नंबर मात्र छापलेलाच राहतो. तिच्याखाली मका, मक्याचं ग्लूटेन, मक्याचा भरडा अशी तिघं वेगवेगळी उभी दिसतील. एकत्र मोजली तर कदाचित कोंबडीच्या पुढे जातील. मोजू नका. मक्याच्या मुलखात राहून मक्याबद्दल वाईट बोलणं शोभत नाही. शिवाय पिष्ट नसेल तर यंत्रातून दाणा नीट फुलून बाहेर पडत नाही. ही गरज यंत्राची आहे, पण घरात यंत्रालाही कुणी आपलं म्हणायला हवं.

४. प्रथिनांचा आकडा फेका. प्रौढ मांजराला आफकोच्या हिशेबाने, ओलावा वगळून, किमान २६ टक्के प्रथिनं हवीत. पिशवीवर ३२ असेल तर विजयी मुद्रा करा. ती प्रथिनं कशाची, हे त्या आकड्यात नसतं. केल्डालची १८८३ सालची पद्धत खाद्यातला नायट्रोजन मोजते, त्याला ६.२५ ने गुणलं की ‘क्रूड प्रोटीन’ तयार. नायट्रोजन मांसातून आला की आणखी कुठून, हे तिला कळत नाही. २००७ साली अमेरिकेत मांजरा-कुत्र्यांच्या खाद्यात चीनहून आलेलं मेलामाइन मिसळलेलं ग्लूटेन गेलं, मूत्रपिंडं निकामी होऊन जनावरं मेली आणि डबेच्या डबे बाजारातून परत घ्यावे लागले. प्रथिनांचा आकडा मात्र उत्तम येत होता.

५. वजाबाकी टाळा. कर्बोदकं बहुधा छापलेली नसतात, कारण ती कुणालाही काढता येतात: शंभरातून प्रथिनं ३२, स्निग्धांश १२, तंतू ४, ओलावा १० आणि राख अंदाजे ८ वजा केले की ३४ उरतात. उंदरात ती नावालाच असतात. हे गणित चारचौघांत केलंत तर पुढच्या वेळी कुणी पिशवी दाखवायला येणार नाही.

६. वादात हरायला लागलात की फक्त विचारा, “टॉरिन किती?” समोरचा गप्प होतो. पुढे काही माहीत असण्याची गरज नाही. हौसच असेल तर ऐका: टॉरिन कमी पडलं की मांजराचा डोळ्याचा पडदा झिजतो, हृदयाचे स्नायू ढिले पडतात. हे हृदयाचं प्रकरण १९८७ साली कॅलिफोर्नियात उलगडलं, आणि त्यातली मांजरं चांगलं विकतचं खाद्य खाणारी होती. आता कोरड्या दाण्यांत किमान ०.१ टक्का लागतं. भाकरीत ते नसतं, तेव्हा काल्याची बाजू घेणाऱ्या आजींनाही हाच प्रश्न विचारता येईल. स्वतःच्या जबाबदारीवर.

७. अखेरचा निकाल मांजराचा. उद्योगात दोन वाट्या शेजारी ठेवून कुठली आधी संपते ते बघतात. आपल्याकडे घाटावर दहाव्याला कावळा पिंडाला शिवेपर्यंत मंडळी जशी ताटकळतात, तसं वाटीपाशी बसा. फरक एवढाच, की घाटावर मृताची इच्छा आठवून बोलावी लागते आणि कारखान्यात दाण्यावर विरघळवलेल्या काळजा-आतड्यांचा रस फवारतात. मांजर धावत येतं. त्यावरून दाणा पौष्टिक आहे असं जाहीर करा.

मांजराला तक्रार करायची असेल तर अडचण आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘अन्न’ या व्याख्येत जनावरांचं खाद्य येतच नाही.

८. शक्यतो सुटे दाणे घ्या. गोणीतून किलोवर मोजून दिलेल्या दाण्यांना ना घटकांची यादी, ना तारीख, त्यामुळे वरचे सगळे धडे एका झटक्यात पार पडतात. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन पाहता तेल खवट व्हायला फार दिवस लागणार नाहीत. त्या वासाला ‘नैसर्गिक’ म्हणा. पाण्याची वाटी मात्र खरोखर ठेवा. दाण्यांत पाणी दहा टक्के, उंदरात दोन तृतीयांशाच्या आसपास, आणि मांजर आपणहून फार पाणी पीत नाही.

९. प्रमाण. चार किलोच्या मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे कॅलरी, म्हणजे साठ ग्रॅमच्या आसपास दाणे. एक उंदीर साधारण तीस कॅलरीचा. रात्री जेवढे मारले तेवढे सकाळच्या वाटीतून वजा करा, आणि हिशेब मांजराकडून लेखी घ्या.