नवशिक्यांसाठी जिओथर्मल

साहित्य : बॉस्टनच्या आसपासचं जुनं घर, थोडं अंगण, बरेच हजार डॉलर आणि शेजाऱ्यांशी बरे संबंध. शेवटची वस्तू आधी जमवावी.

तत्त्व सोपं आहे. वर जानेवारीत उणे १० असो की जुलैत ३५, जमिनीत तीसेक फुटांखाली पारा १०-११ अंश सेल्सिअसवर ठाण मांडून बसलेला असतो. बोअर घेऊन त्यात पाइप सोडायचा; हिवाळ्यात तिथली ऊब हीट पंपाने वर ओढायची, उन्हाळ्यात घरातला उकाडा खाली ढकलायचा. १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता! हे मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत सांगावं. कुणी खर्च विचारला की मोदकांकडे वळावं.

पहिली पायरी : घराच्या फटी बुजवा, माळ्यावर इन्सुलेशन घाला. काम कंटाळवाणं, म्हणून लोक ते गाळून थेट बोअरवाल्याला बोलावतात. पण यंत्राच्या क्षमतेच्या दर टनामागे साधारण १५० ते २०० फूट बोअर लागतो. चार टनांचं घर म्हणजे ६०० ते ८०० फूट. खिडकीच्या फटीतून जाणारी ऊब अशी फुटाच्या दराने विकत घ्यावी लागते.

दुसरी पायरी : बोअर. आपल्याला तो नवा नाही. नारळ फोडायचा आणि पाण्याची वाट बघायची. इथे पाणी लागलं की कपाळाला हात लावायचा. दगडाच्या भुकटीचं ते राखाडी पाणी कुठे सोडायचं हे आधी ठरवलं नसेल, तर ते शेजारच्या ड्राइव्हवेची वाट आपणहून शोधतं. बोअरऐवजी आडवे चर खणले तर स्वस्त पडतं. त्याला ऐसपैस जागा लागते, आणि ती असेल तर तुम्ही बहुधा बॉस्टनपासून बरेच लांब राहता.

तिसरी : डक्ट. जुन्या रेडिएटरांना फार कढत पाणी लागतं. हा पंप साधारण ५० अंशांवर थांबतो. मग डक्ट घालायचे आणि त्यांना वाट द्यायला एखादं कपाट सोडायचं. कुणाचं, ते नवरा-बायकोने ठरवावं.

चौथी : ३० टक्के फेडरल करसवलत घ्या. ती २०२५ अखेर संपली, तेव्हा ही पायरी गाळा.

घर तेलावर तापत असेल तर हिशेब कधीतरी जुळतो. गॅसवर असेल तर इथल्या विजेचा दर बघून कॅल्क्युलेटर बंद करा. जमिनीतला पाइप ५० वर्षं टिकतो, आतलं यंत्र २०-२५. घर विकायला काढाल तेव्हा जाहिरातीत 'जिओथर्मल' ठळक छापा. खणलेल्या अंगणाचे फोटो मात्र लावू नका.