गरज सरो, दंतवैद्य मरो

वरच्या आणि खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस समोरच्या मधल्या दातापासून मोजत गेल्यास आठवा येणारा शेवटचा दात म्हणजे अक्कलदाढ होय. ती साधारणतः वयाच्या १७ ते २५ या वर्षांत उगवते, म्हणजे बाकीच्या २८ दातांनी आपापल्या जागा बळकावल्यावर आणि त्यांतील एखाददुसऱ्यात चांदी किंवा सिमेंट भरून झाल्यावर. मागे जागा उरली नसेल, तर ती आडवी किंवा तिरकी होऊन शेजारच्या दाढेला टेकते अथवा हाडातच अडकून बसते. अशा दाढेस ‘इम्पॅक्टेड’ म्हणतात. दंतवैद्यकाच्या प्रचलित आंतरराष्ट्रीय क्रमांकनात पहिला आकडा जबड्याचा चतुर्थांश आणि दुसरा दाताचे स्थान दर्शवितो, त्यामुळे खालच्या डाव्या अक्कलदाढेस ३८ हा क्रमांक मिळतो; तोंडात दात बत्तीसच असताना आपला अडतिसावा बिघडला आहे हे ऐकून कित्येक रुग्णांना निम्मा घाम खुर्चीत बसण्यापूर्वीच फुटतो.

प्रत्यक्ष दुखण्याचे कारण बहुधा दाढेपेक्षा तिच्यावरील हिरडी असते. अर्धवट वर आलेल्या दाढेच्या डोक्यावर हिरडीचा एक पडदा राहतो, त्याखाली अन्नाचे कण व जंतू साठतात, तेथे ब्रश पोहोचत नाही, आणि चिवड्यातील शेंगदाण्याचा एखादा कण मात्र अचूक पोहोचतो. या पडद्याला जंतुसंसर्गाने आलेली सूज म्हणजे ‘पेरिकोरोनायटिस’ होय. सुजलेला पडदा वरच्या दाढेखाली येऊन प्रत्येक घासाला चावला जातो, चावल्यामुळे अधिक सुजतो आणि अधिक सुजल्यामुळे पुन्हा चावला जातो. या रचनेत रुग्णाचे हितशत्रू शोधण्यासाठी त्याच्या स्वतःच्या तोंडाबाहेर जाण्याची आवश्यकता राहत नाही.

दंतवैद्यकाच्या ग्रंथांत आढळत नसल्या, तरी या विकाराच्या चार सामाजिक अवस्था मानता येतात. पहिली दुर्लक्षावस्था होय. तीत रुग्ण दुसऱ्या बाजूने चावू लागतो आणि हाच उपचार असल्याचे मानतो. दुसरी उपदेशावस्था, जीत दुखण्याची वार्ता घरात फुटते आणि आत्या लवंग, मामा तुरटी, तर शेजारच्या काकू हळद व तेल सुचवितात. यांपैकी लवंगेच्या बाजूने एवढे म्हणता येते की, तिच्या तेलातील युजेनॉल हा घटक ती जागा काही काळ बधिर करतो. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनीही पडद्याखालची घाण थोडीफार निघते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचा सल्ला मात्र घातक असतो, कारण त्या आम्लाने हिरडी भाजते आणि रुग्णाच्या पदरी एकाऐवजी दोन दुखणी पडतात.

तिसरी शरणागतीची अवस्था ‘ट्रिसमस’ने, म्हणजे जबडा मिटविणारे स्नायू आखडल्याने, सुरू होते. निरोगी प्रौढाचे तोंड सामान्यतः त्याच्याच तीन बोटांएवढे, म्हणजे ४० मिलिमीटरांच्या आसपास उघडते. ते एका बोटावर आले की पाणीपुरीचा प्रश्न आपोआप निकालात निघतो, वरणभातही चमच्याच्या टोकाने आडवा सरकवावा लागतो आणि जांभई आली तर ती गिळून टाकावी लागते. येथे रुग्ण दंतवैद्याकडे जातो. दंतवैद्य पडद्याखालची जागा धुऊन काढतो आणि ताप असल्यास किंवा सूज पसरत असल्यास प्रतिजैविके देतो. त्यांपैकी मेट्रोनिडॅझोल चालू असताना मद्य वर्ज्य असते, हे कळल्यावर काहींना पाच दिवसांचा कोर्स शनिवार संध्याकाळपर्यंतच पुरेसा वाटू लागतो.

चौथी विस्मृतीची अवस्था सर्वांत सुखद आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची होय. गोळ्यांनी जंतू हटतात, सूज उतरते, तोंड तीन बोटे उघडते, आणि ‘गरज सरो, वैद्य मरो’ या न्यायाने रुग्ण पुढची अपॉइंटमेंट रद्द करतो. वस्तुतः दाढ तेथेच, पडदा तेथेच, आणि चिवड्याचा डबाही तेथेच असतो. दुखणे बहुधा परत येते, आणि मुहूर्त साधल्याप्रमाणे परीक्षेच्या, लग्नाच्या किंवा प्रवासाच्या आदल्या रात्री येते.

या चालढकलीस एके काळी सबळ कारण होते. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील होरेस वेल्स या दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हास्यवायू, हुंगून आपली एक दाढ काढवून घेतली आणि वेदना जाणवली नाही असे सांगितले. पुढच्याच महिन्यात बोस्टनमध्ये त्याने हा प्रयोग सर्वांसमोर केला, तेव्हा रुग्ण ओरडला आणि प्रेक्षकांनी वेल्सची हुर्यो उडविली. तात्पर्य, बधिरतेच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पाऊल दुखऱ्या दाढेने टाकले. तिच्या वंशजांना मात्र आजही भीतीच्या सबबीवर जपले जाते.

आज ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांची एकसंध क्ष-किरण प्रतिमा, काढून दाढेच्या मुळांचे खालच्या ओठास संवेदना देणाऱ्या मज्जातंतूपासूनचे अंतर आधी पाहिले जाते आणि जागा बधिर करून मगच दाढ काढली जाते. नंतर खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी टिकणे महत्त्वाचे असते. जोरात चूळ भरली, स्ट्रॉने सरबत ओढले किंवा सिगारेट ओढली, तर ती निघून हाड उघडे पडते, आणि ‘ड्राय सॉकेट’ नावाचे हे दुखणे मूळ दाढेलाही मागे टाकते. अर्थात प्रत्येक अक्कलदाढ काढावी असे नाही. सरळ उगवलेली आणि स्वच्छ राहणारी दाढ सुखाने नांदू द्यावी.

वारंवार सुजणाऱ्या दाढेचा निर्णय मात्र सूज उतरल्यावरच, दंतवैद्याच्या सल्ल्याने आणि न विसरता घ्यावा. ताप, गळ्याकडे उतरणारी सूज किंवा गिळताना वा श्वास घेताना त्रास, यांपैकी काहीही दिसल्यास अपॉइंटमेंटची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे, आणि लवंग आत्यांना परत करावी.