मालक, फक्त दोन मिनिटं

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि व्यापाऱ्यांनी कोल्हापुरात यावं म्हणून सवलती दिल्या. व्यापाऱ्यांनी महाराजांचा शब्द असा काही मानला की त्यांचं येणं आजतागायत थांबलेलं नाही. तेव्हा ते गूळ न्यायला येत. आता विमा, क्रेडिट कार्ड, बिझनेस लोन आणि पाणी शुद्ध करायचं यंत्र घेऊन थेट माझ्या उद्यमनगरातल्या केबिनमध्ये येतात. तिकडं लेथवर जॉब अर्धा, इकडं खुर्चीत पाहुणा पुरा. वीस वर्षांच्या या अनुभवातून खालील मार्गदर्शिका सिद्ध झाली आहे. होतकरू कारखानदारांनी ती भिंतीला डकवावी.

१. हंगाम ओळखा. ऊस तोडून संपत आला की एजंटांचं पीक येतं. ३१ मार्चच्या आत करात दीड लाखाची वजावट कशी पदरात पाडायची, हे सांगायला शाळेतले मित्रसुद्धा तीस वर्षांनी भेटायला येतात. 'नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही' असं ठणकावून सांगा. समोरचा कौतुकानं मान हलवेल आणि म्हणेल, "बरोबर बोललात मालक. म्हणूनच हा दुसरा प्लॅन काढलाय."

२. गाव विचारू नका. हा नियम मोडला की खेळ संपला. मी एकदा मोडला.

"गाव कुठलं म्हणायचं?"

"कागल."

"कागलात कुठं?"

"गैबी चौकाजवळ."

"अरे, आमच्या थोरल्या बहिणीचं सासर तिथंच की!"

"मग तुम्ही पाहुणंच की ओ आमचं!"

एजंटाला हाकलता येतं. पाहुण्याला हाकललं तर बहिणीला दिवाळीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. मी सही केली.

३. चहा सांगू नका. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात दारात माणूस दिसला की आपली मान आपोआप खिडकीकडं वळते आणि तोंडातून निघून जातं, "दोन चहा सांग रे!" चहा येईपर्यंत माहितीपत्रक उघडतं, पिऊन होईपर्यंत अर्जावर आपलं नाव लिहून झालेलं असतं. ज्याला चहा पाजला त्याला तोंडावर 'नको' म्हणणारा माणूस करवीर तालुक्यात अजून जन्मायचा आहे.

४. कायदा पाठ करा. फोनवरच्या विक्रेत्यांसाठी १९०९ हा क्रमांक आहे. तिथं नोंद करून जाहिरातीचे फोन बंद करायला सांगता येतात, तक्रारही करता येते. न मागितलेलं क्रेडिट कार्ड गळ्यात मारायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. असं कार्ड देऊन पैसे लावले, तर बँकेला ते परत करून वर दुप्पट दंड भरावा लागतो. विम्याची पॉलिसी हातात आल्यावर पटली नाही, तर ३० दिवसांत परत करता येते. हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला १९०९ लागू होत नाही. आणि ते ३० दिवस? पहिल्या दिवशी ठरवलं, उद्या बघूया. एकतिसाव्या दिवशीही तेच म्हणत होतो.

५. 'बघूया' हा शब्द कुलपात ठेवा. सगळ्या रोगाचं मूळ इथं आहे. कोल्हापूरकर 'बघूया' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात स्वच्छ 'नाही' असतं. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून त्यावर शाल पांघरलेली असते इतकंच. एजंटही इथलाच असतो, त्याला हे चांगलं कळतं. तरीही तो डायरी काढून विचारतो, "मग सोमवारी येऊ का मंगळवारी?" आता चूक कुणाची? सहा महिने तो हेलपाटे घालतो, पेट्रोल जाळतो, आणि आपण वॉचमनमामांना सांगतो, "साहेब नाहीत म्हण." मामा प्रामाणिक. ते बाहेर जाऊन सांगतात, "साहेब नाहीत म्हणायला सांगितलंय."

६. शेवटचा उपाय: उलटा डाव. वरचे पाचही नियम मोडून झाल्यावर मला हा सुचला. कागलच्या त्याच पाहुण्यानं पुन्हा बॅगेची चेन ओढली तशी मीही ड्रॉवर ओढला आणि भिशीची वही बाहेर काढली.

"पाहुणं, आमच्या भिशीत एक जागा मोकळी आहे. महिन्याला दोन हजार. वीस जण, सगळी ओळखीची. तुमच्यासाठीच ठेवलीय."

तो पहिल्यांदाच गप्प झाला. छताकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. मी चहा सांगितला. चहा आला, प्याला, आणि बशीत कप ठेवत तो हळूच म्हणाला, "बघूया की मालक."

मी डायरी काढली. "सोमवारी येऊ का मंगळवारी?"

डाव बसला. पुढच्याच महिन्यात त्यानं भिशी धरली आणि पहिलीच चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली. आता उरलेले हप्ते भरायला तो दर महिन्याच्या दहा तारखेला हक्कानं केबिनमध्ये येतो, माझ्या खर्चानं चहा पितो आणि उठताना बॅगेकडं हात नेतो.

"मालक, तेवढं मुलीच्या नावानं एक..."

मी हा लेख त्याच्यासमोरच धरला, पाचव्या नियमावर बोट ठेवलं, घसा खाकरला आणि ठामपणे म्हणालो, "बघूया."